आधी बघा, मग खेळा: एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या बडोद्यातल्या नव्या आईबाबांसाठी

गेल्या पावसाळ्यात मांजलपूरच्या एका घरी मला चहाला बोलावलं होतं. नवराबायको दोघंही नोकरीवाले, साताऱ्याहून वर्षापूर्वी बडोद्यात आलेले, मुलगा चौदा महिन्यांचा. बैठकीच्या खोलीत खेळण्यांचा ढीग होता. बटण दाबलं की गाणारा हत्ती, एबीसीडी म्हणणारा लॅपटॉप, आकड्यांची चटई. मुलगा यातल्या कशाकडेही बघत नव्हता. उंच खुर्चीत बसून तो चमचा खाली टाकत होता. आई उचलून द्यायची, तो पुन्हा टाकायचा. सातव्या वेळी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, हा कशाशी खेळतच नाही हो. याचं लक्षच लागत नाही कशात."

मी त्याच्याकडेच बघत होते. चमचा सुटला की तो मान वाकवून खाली बघायचा, ठण्ण आवाज होईपर्यंत थांबायचा, मग आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. वस्तू सोडली की खाली जाते, दर वेळी जाते, पडली की वाजते, आणि वाजली की आई येते. चौदा महिन्यांच्या माणसासाठी हा मोठा अभ्यास आहे. लक्ष लागत नव्हतं ते हत्तीत.

बडोद्यात बालवाडीत सव्वीस वर्षं काढल्यावर नव्या आईबाबांना मी एकच गोष्ट आधी सांगते: मुलाच्या हातात कोणती वस्तू आहे ते पाहू नका, तो तिचं काय करतोय ते पाहा. नाम नको, क्रियापद बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच येतात.

पहिली पायरी: तीन दिवस वही घेऊन बसा

नवं खेळणं आणायच्या आधी एक साधी वही घ्या. मुलाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असेल अशा वेळी, दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं त्याच्याजवळ जमिनीवर बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. काही सुचवू नका, दाखवू नका, "हा कोणता रंग?" असं तर मुळीच विचारू नका. फक्त क्रियापदं लिहा. टाकतो, भरतो, ओततो, ढकलतो, उचलून नेतो, लपतो, झाकतो, फिरवतो, रांग लावतो, आपटतो.

पहिल्या दिवशी बहुतेकांना हे जमत नाही, कारण आपला हात आपोआप पुढे जातो. ठोकळा उलटा धरला की आपण सुलटा करून देतो. हात मांडीखाली घेऊन बसा. विनोद म्हणून सांगत नाही, आमच्या बालवाडीत नव्याने येणाऱ्या बाईंना मी खरंच असं बसवायची.

तिसऱ्या दिवसापर्यंत वहीत दोन-तीन क्रियापदं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. सध्या मुलाचं काम तेच आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ते बदलेल, तेव्हा पुन्हा तीन दिवस वही काढायची.

दुसरी पायरी: तेच क्रियापद, सामान नवं

इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण खरी मजा इथेच आहे, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

टाकणाऱ्या मुलाला टाकू द्या, फक्त टाकायला वेगवेगळं द्या. स्टीलची वाटी, चुरगळलेला वर्तमानपत्राचा बोळा, ओला रुमाल, चेंडू, लाकडी डाव. प्रत्येकाचा आवाज वेगळा, पडण्याची तऱ्हा वेगळी. खाली पितळी परात ठेवली की वेगळं, सतरंजी ठेवली की वेगळं. मांजलपूरच्या त्या घरी आम्ही हेच केलं. गाणाऱ्या हत्तीसमोर दोन मिनिटं न बसणारं ते मूल परात आणि पाच वस्तूंशी पाऊण तास होतं. मधूनमधून आईकडे बघून हसत होतं.

भरणाऱ्या-ओतणाऱ्या मुलासाठी बडोद्याचा उन्हाळा म्हणजे पर्वणी. सकाळी मोरीत किंवा बाल्कनीत परातीत चार बोटं पाणी, एक फुलपात्र, एक चाळणी, एक झारी. चाळणीत पाणी का राहत नाही हे तो वीस वेळा करून बघेल. तुम्ही उत्तर देऊ नका. दीड वर्षानंतर पाण्याच्या जागी रवा किंवा कोरडं पीठ देता येतं. सांडणार हे धरूनच खाली जुनी चादर टाका आणि शेवटी ती झटकायला त्यालाही सोबत घ्या. पाण्याच्या बाबतीत मात्र एक नियम कधीही मोडायचा नाही: मूल पाण्याजवळ असताना दाराची बेल वाजली तरी त्याला उचलून सोबत न्यायचं, आणि खेळ संपला की परात, बादली उपडी. लहान मूल बादलीभर पाण्यात, अगदी वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही.

वाहून नेणाऱ्याला वजन द्या. पाऊण-एक वर्षाचं मूल उभं राहू लागलं की पांगुळगाडा उत्तम. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. ज्यात मुलाला मधोमध बसवतात आणि ते बोटांवर लटकत घरभर घरंगळतं, तो चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि पायऱ्यांवरून, गरम भांड्यांवर होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. चालता येऊ लागलेल्या मुलाला खंडेराव मार्केटातून आणलेले बटाटे पिशवीतून टोपलीत एकेक करून न्यायला द्या. पंधरा बटाटे, पंधरा फेऱ्या. मोजणी शिकवायची गरज नाही, ती पायांतून चढते.

लपणं-लपवणं सहा-आठ महिन्यांच्या बुवा-कुकपासून सुरू होतं आणि तीन वर्षांपर्यंत टिकतं. ओढणीखाली वाटी, वाटीखाली चिंचोका नव्हे तर लिंबू (चिंचोका का नको ते पुढे सांगते). दिसत नाही म्हणजे नाहीशी झाली असं नाही, हे मुलाला कळतं आहे. ते कळलं की आई कामाला गेली तरी परत येते, हेही हळूहळू पटतं. म्हणून पाळणाघर सुरू करायच्या महिनाभर आधी हा खेळ रोज खेळा.

आणि कणिक. पोळ्या करताना लिंबाएवढा गोळा, छोटं पोळपाट-लाटणं असेल तर ते, नसेल तर ताटली आणि वाटी. दाबणं, चिमटणं, लांबवणं यातून बोटांत जी ताकद येते तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. दोन वर्षांच्या मुलाला पेन्सिल देऊन अक्षरं गिरवायला लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की आधी दोन वर्षं कणिक मळू द्या. गणपतीच्या दिवसांत शाडू मिळाला तर गोळाभर जास्त आणा.

घरातल्या आणि अंगणातल्या सामानावर शिकवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. गुजरात त्यांना 'मूछाळी मा' म्हणतो, मिशीवाली आई. त्यांच्या कामात तारा मोडक ही मराठी बाई राजकोटची नोकरी सोडून येऊन मिळाली. तीच पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, दगड, माती घेऊन बसली. गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून उभं केलेलं हे काम आहे. बडोद्याच्या मराठी घरांनी तर ते जास्तच आपलं मानावं.

तिसरी पायरी: ढीग कमी करा, धोका काढा

जी खेळणी आहेत त्यातली सहा-सात बाहेर ठेवा, बाकीची माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. उघड्या कमी उंचीच्या फळीवर ठेवलेली चार खेळणी टोपलीत कोंबलेल्या चाळीसांपेक्षा जास्त खेळली जातात, हे मी शेकडो मुलांत पाहिलं आहे.

आता चिंचोका. तीन वर्षांखालील मुलं जग तोंडाने तपासतात. किचन टॉवेलच्या गुंडाळीत पुठ्ठ्याची नळी असते ती जपून ठेवा. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती मुलाच्या घशात अडकू शकते. चिंचोके, मणी, कवड्या, गोट्या, कच्चा राजमा, अख्खे शेंगदाणे, फुटलेल्या फुग्याचा तुकडा, सगळं वर. द्राक्षं लांबीत चार तुकडे करूनच द्या. गुंजा घरातून काढून टाका. लाल-काळ्या दिसतात म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या असतात, पण बी फुटून पोटात गेली तर विषारी आहे. आणि रिमोट, वाजणारी खेळणी, घड्याळं यांतली नाण्यासारखी चपटी बॅटरी: ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशी शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता, उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालयात.

विकत घ्यायचंच असेल तर आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. मंगळ बाजारात हातगाडीवरचं चकचकीत खेळणं स्वस्त मिळतं, पण त्यावरचा रंग मुलाच्या तोंडात जाणार आहे हे लक्षात ठेवा.

चौथी पायरी: बोला कमी, थांबा जास्त

मूल काहीतरी करतं, तुमच्याकडे बघतं. तुम्ही एक छोटं वाक्य बोलता. मग थांबता. मनात पाच आकडे मोजा. पाच. आपण मोठी माणसं दोनावरच पुढचं वाक्य टाकतो आणि मुलाची पाळी खाऊन टाकतो. त्या पाच आकड्यांत मूल हात उंचावेल, "बा" म्हणेल, बोट दाखवेल. तेच त्याचं उत्तर. त्याला उत्तर द्या. चेंडू इकडून तिकडे गेला तसं बोलणं इकडून तिकडे जायला हवं.

बोलताना तो करतोय ते क्रियापद त्याला द्या. "ओतलंस. सगळं ओतलंस. अजून ओतायचंय?" रंग, आकडे, प्राण्यांची नावं यांची परीक्षा घेण्यापेक्षा हे कितीतरी पोषक.

बडोद्यात नव्याने आलेल्या मराठी आईबाबांची ठरलेली काळजी म्हणजे भाषा. घरी मराठी, शेजारच्या मासीबा गुजराती, कामाच्या बाई हिंदी, आणि प्रवेशाच्या धास्तीने आईबाबा मध्येच इंग्रजी. "मूल गोंधळेल का?" नाही. एकाहून जास्त भाषा ऐकल्यामुळे बोलणं मागे पडत नाही. मूल घरी "चेंडू" म्हणतं आणि शेजारी "दडो", तर ते दोन शब्द आहेत, दोन्ही मोजायचे. "बिलाडी आली" अशी खिचडी झाली तरी टोकू नका. तुम्ही नुसतं "हो, मांजर आली" म्हणा. मात्र तुम्ही स्वतः त्याच्याशी त्याच भाषेत बोला जिच्यात तुम्हाला रागावता, लाडावता आणि गोष्ट सांगता येते. बहुतेकांसाठी ती मराठी आहे. तोडक्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" म्हणणाऱ्या आईकडून मुलाला इंग्रजी मिळत नाही, आणि आईची भाषाही जाते. हे मी रागाने लिहीत नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं म्हणून लिहिते.

आजी-आजोबा सोबत असतील तर बडबडगीतांचं खातं त्यांच्याकडे द्या. टाळ्या, बोटं, गुदगुल्या असलेली गाणी, रोज तीच, त्याच क्रमाने. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. तो शब्द एक दिवस मूल भरतं.

पाचवी पायरी: घराबाहेर

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं माप असं: एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, आणि एका वेळी एक तासाहून जास्त काळ बांधून बसवलेलं नसावं. आपल्याकडे संखेड्याचं लाखकामाचं घोडियुं, म्हणजे लाकडी पाळणा, घराघरांत असतं. सुंदर वस्तू आहे, झोपेसाठी जरूर वापरा. जागं मूल शांत राहावं म्हणून त्यात ठेवू नका. एक वर्षाच्या मुलाला टीव्ही-मोबाइलचा पडदा अजिबात नको, दोन वर्षांनंतर फार तर तासभर, कमी तितकं बरं. एक-दोन वर्षांत दिवसरात्र मिळून झोप 11 ते 14 तास. झोप अपुरी असेल तर वरच्या कुठल्याच पायरीचा उपयोग नाही.

कमाटी बागेसाठी वेगळी वेळ काढा. 1879 साली सयाजीरावांनी केलेली ही बाग शहराच्या मधोमध आहे, आणि नवे आईबाबा तिथे जाऊन एकच चूक करतात: एका सकाळी प्राणिसंग्रहालय, म्युझियम, सगळं उरकायला बघतात. दोन वर्षांच्या मुलाला एक उतार पुरतो. हिरवळीवर चपला काढा. चढू द्या, उतरू द्या, बसून घसरू द्या. वाळकी पानं गोळा करू द्या, त्यांचा चुरा करू द्या. तुम्ही दहा पावलं मागे. मार्च ते जूनमध्ये साडेआठच्या आत घरी, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारातलं डबकं चालतं, पाय धुतले की झालं.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, गच्चीवर न्यायचं तर कडेवरच. तुटलेला मांजा मुलाच्या मानेच्या उंचीवर येतो.

सहावी पायरी: भातुकली, आणि दुसरी मुलं

दीड वर्षाच्या आसपास मूल रिकामा कप तोंडाला लावून "गुटुक" करतं. मग बाहुलीला पाजतं. अडीच वर्षांपर्यंत ठोकळा म्हणजे पोळी होते, आणि तो आजोबांना वाढला जातो. एका वस्तूच्या जागी दुसरी मानणं हीच पुढे अक्षर समजण्याची पूर्वतयारी आहे, कारण अक्षर तरी काय, आवाजाच्या जागी मानलेली रेघ. म्हणून ठोकळ्याची पोळी आली की "अरे, हा ठोकळा आहे" असं म्हणू नका. खा. "मीठ कमी पडलंय" म्हणा आणि थांबा.

भातुकलीचा महागडा संच नको. जुनी वाटी, चमचा, ओढणी, बंद पडलेला फोन (बॅटरी काढून), बाबांची जुनी पिशवी. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही. मुलग्याच्या हातातून बाहुली काढून घेणारे आजोबा मी पाहिले आहेत. तेच आजोबा चार महिन्यांनी बाहुलीला झोपवायला मदत करत होते.

सोसायटीतल्या मुलांबरोबर बसवलं आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून वेगवेगळं खेळली तर निराश होऊ नका. शेजारी बसून आपापलं खेळणं हा खेळाचाच एक टप्पा आहे. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासक बाईंनी 1932 मध्ये त्याची नोंद केली होती. दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून घेण्याची अपेक्षा करणं लवकर होतं. एकाच प्रकारच्या दोन वस्तू ठेवा, दोन वाट्या, दोन चेंडू. "आधी याची पाळी, मग तुझी" हे तुम्ही मोठ्याने म्हणत राहा. पाळी तीस सेकंदांची असू दे.

शेवटची पायरी: विचारायचं कधी

प्रत्येक मुलाची चाल वेगळी, हे खरं. एकटं चालणं साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं. पण "मुलगे उशिराच बोलतात", "याचा काकाही तसाच होता" म्हणत वर्ष घालवू नका. खेळताना या गोष्टी दिसतात का बघा.

15 महिन्यांला दोन वस्तू एकावर एक ठेवणं, हवं ते बोटाने दाखवणं. 18 महिन्यांला आधाराशिवाय चालणं, केर काढण्यासारख्या कामांची नक्कल, आई-बाबा सोडून तीनेक शब्द, आणि नुसतं गंमत म्हणून "ते बघ" असं बोट दाखवणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, त्यात मूल आपला आनंद तुमच्याबरोबर वाटून घेत असतं. 2 वर्षांला दोन शब्द जोडणं, "अजून दूध", "बाबा गेले". चेंडूला पाय मारणं. अडीच वर्षांला साधारण 50 शब्द, सगळ्या भाषांचे मिळून, आणि दोन्ही पायांनी उडी. 3 वर्षांला तुमचं पाहून गोल काढणं, मोठे मणी ओवणं, दोन-चार वाक्यांचं बोलणं पुढे-मागे चालवणं. बहुतेक मुलं त्या वयापर्यंत हे करतात. एखादी गोष्ट दिसली नाही तर घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना विचारायचं कारण आहे. आलेले शब्द किंवा आलेला खेळ नाहीसा झाला, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नाहीसं झालं, तर त्याच आठवड्यात जा. ऐकू येण्याची तपासणी आधी करून घ्या, ती साधी असते.

मुलांच्या डॉक्टरांशिवाय आणखी दारं आहेत. अंगणवाडी ही फक्त खाऊ वाटण्याची जागा नाही, वजन-उंचीची नोंद आणि शाळेआधीचं शिक्षण तिच्याच कामात येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वाढीतल्या उशिराची तपासणी होते, आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. बालवाडी कशी असते ते बघायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी आहे. आणि पहिलीची घाई तर नकोच, गुजरातमध्ये 2023 पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे खेळायला भरपूर वेळ आहे.

डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. तपासणीच्या खोलीत मूल बुजतं, काहीच करून दाखवत नाही, आणि आईबाबांना ऐनवेळी काही आठवत नाही. वहीतली तारीखवार क्रियापदं आणि फोनवर घेतलेला दोन मिनिटांचा खेळाचा व्हिडिओ, एवढ्याने डॉक्टरांना बरंच कळतं.